प्रतिक्रिया किती वेळाने आली? ॲलर्जीचे चार प्रकार कसे ओळखावेत आणि त्यांवर उपचार कसे घ्यावेत

औषध, डंख, रक्त, केसांचा रंग किंवा शेतातले गवत, यांपैकी कशानेही अंगावर काही उठले की मराठवाड्यातल्या बहुतेक गावांत उपचार ठरलेला असतो: खाज कमी करणारे फेनिरामिन आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड यांची इंजेक्शने आणि सोबत सिट्रिझिनच्या गोळ्या. यातले बरेच रुग्ण आपोआपही बरे झाले असते, त्यामुळे हा उपचार नेहमीच लागू पडतो असे वाटू लागते. परंतु ज्याचा घसा सुजून श्वास अडकू लागला आहे, ज्याला चुकीच्या गटाचे रक्त चढत आहे, ज्याला सर्पदंशानंतर दहाव्या दिवशी ताप आणि सांधेदुखी सुरू झाली आहे आणि ज्याच्या पापण्या गाजर गवताने सुजल्या आहेत, त्या चौघांच्या शरीरात चार वेगळ्या गोष्टी घडत असतात. त्या चौघांना एकच इंजेक्शन दिले, तर त्यातल्या पहिल्याचा जीव जाऊ शकतो. म्हणून हा फरक घरातल्या माणसांनाही कळला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

फिलिप गेल आणि रॉबिन कूम्ब्स या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये या अतिसंवेदनशील प्रतिक्रियांचे चार प्रकार मांडले आणि ती मांडणी आजही शिकवली जाते. पहिल्या प्रकारात आयजीई नावाचे प्रतिपिंड (परक्या पदार्थाला ओळखून चिकटणारे शरीरातले प्रथिन) आणि त्वचेत, श्वासनलिकांत व आतड्यांत असणाऱ्या मास्ट पेशी यांचा हात असतो. दुसऱ्यात प्रतिपिंड थेट आपल्याच पेशींवर, उदाहरणार्थ रक्तातल्या तांबड्या पेशींवर, चिकटून त्यांचा नाश करतात. तिसऱ्यात प्रतिपिंड आणि परके प्रथिन यांचे सूक्ष्म पुंजके रक्तात तयार होऊन सांधे, मूत्रपिंड आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरात अडकतात व तिथे दाह उत्पन्न करतात. चौथ्यात प्रतिपिंडांचा संबंध नसतो. टी पेशी, म्हणजे रोगप्रतिकारासाठीच्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी, त्या पदार्थाला ओळखून हळूहळू त्या जागी गोळा होतात.

घरच्या माणसाला हे सारे लक्षात ठेवण्याची गरज नाही. त्याने एकच प्रश्न आधी विचारावा: संपर्क आल्यापासून किती वेळाने त्रास सुरू झाला? काही मिनिटांपासून दोन तासांपर्यंत उत्तर आले तर पहिल्या प्रकाराची शंका घ्यावी. एक ते तीन दिवसांनी, त्याच जागी त्वचेवर पुरळ उठला तर तो बहुधा चौथा असतो. एक ते तीन आठवड्यांनी ताप, सांधेदुखी, लघवीत बदल असे दिसले तर तिसऱ्याचा विचार करावा. दुसरा प्रकार मुख्यतः रक्त चढवताना, गरोदरपणात आणि काही औषधांनंतर दिसतो. या सीमारेषा पक्क्या नाहीत. एकटे पेनिसिलिन या चारही प्रकारांच्या प्रतिक्रिया घडवू शकते. तरीही घड्याळ हे गावात हाताशी असलेले सर्वांत भरवशाचे साधन आहे.

मिनिटांत येणारी प्रतिक्रिया

पहिल्या संपर्कात शरीर त्या पदार्थाविरुद्ध आयजीई तयार करते आणि ते मास्ट पेशींवर जाऊन बसते. तेव्हा बाहेर काहीच दिसत नाही. पुढच्या संपर्कात त्या पेशी खाज व सूज आणणारे हिस्टामिन आणि इतर द्रव्ये एकदम सोडतात. त्यामुळे ‘हे तर पूर्वीही खाल्ले होते, तेव्हा काही झाले नाही’ या सांगण्यावरून ॲलर्जी नाही असे ठरवता येत नाही.

सौम्य स्वरूपात अंगावर पित्त उठते, म्हणजे खाजणाऱ्या लालसर गांधी येतात आणि काही तासांत जागा बदलतात. तेवढेच असेल तर सिट्रिझिन किंवा लेवोसिट्रिझिनसारखी हिस्टामिनरोधक गोळी पुरेशी होते. जुनी क्लोरफेनिरामिनची गोळी जास्त झोप आणते, म्हणून ट्रॅक्टर, मळणीयंत्र किंवा मोटारसायकल चालवणाऱ्याने ती घेऊन कामाला जाऊ नये.

धोका सुरू होतो तो पित्तासोबत दुसरे काही आले की. आवाज घोगरा होणे, जीभ किंवा ओठ सुजणे, छातीत घरघर, धाप, वारंवार उलट्या, पोटात कळा, डोळ्यांपुढे अंधारी, हातपाय गार पडणे यांपैकी काहीही पित्ताच्या जोडीला दिसले, किंवा माशीचा डंख अथवा इंजेक्शन यानंतर काही मिनिटांतच माणूस कोसळला, तर ते ॲनाफिलॅक्सिस समजावे. काही रुग्णांच्या त्वचेवर काहीच उठत नाही, हेही ध्यानात ठेवावे. ॲनाफिलॅक्सिस हे नाव पॉल पोर्तिए आणि शार्ल रिशे यांनी १९०२ मध्ये दिले. समुद्रफुलाचे विष दुसऱ्यांदा अगदी थोडे टोचल्यावर कुत्री मिनिटांत दगावलेली त्यांनी पाहिली होती. रिशे यांना या कामासाठी १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

यावरचा पहिला उपचार ॲड्रेनॅलिन हाच आहे. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत दिले जाते. आपल्याकडे मिळणाऱ्या १ मिलिलिटरच्या ॲम्प्युलमध्ये १ मिलिग्रॅम ॲड्रेनॅलिन असते. प्रौढाला त्यातले अर्धा मिलिलिटर आणि लहान मुलाला दर किलो वजनामागे ०.०१ मिलिलिटर, पण ०.३ मिलिलिटरपेक्षा जास्त नाही, असे प्रमाण आहे. उतार पडला नाही तर ५ ते १५ मिनिटांनी ते पुन्हा देता येते. फेनिरामिन खाज कमी करते, पण सुजलेला घसा उघडत नाही आणि पडलेला रक्तदाबही चढवत नाही. डेक्सामेथासोनचा गुण यायला काही तास लागतात. ही दोन्ही औषधे ॲड्रेनॅलिननंतरची आहेत, त्याच्या जागची नाहीत. दवाखान्यात पोहोचल्यावर ‘डॉक्टर, ॲड्रेनॅलिन दिले का?’ असे विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही. वैद्यकीय देखरेखीत स्नायूत दिलेले हे औषध सुरक्षित आहे. त्याची वाटणारी भीती मुख्यतः ते शिरेतून भरभर दिल्याने होणाऱ्या त्रासातून आलेली आहे.

इंजेक्शन मिळेपर्यंत रुग्णाला आडवे झोपवून पाय उंच करावेत. धाप जास्त असेल तर पाय लांब करून बसू द्यावे, गरोदर बाईला डाव्या कुशीवर ठेवावे, उलटी होत असेल तर कुशीवर वळवावे. शेतातल्या आखाड्यावरून निघताना अशा माणसाला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये ताठ बसवून नेण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे आणि ती जिवावर बेतू शकते, कारण रक्तदाब पडलेला असताना एकदम उभे केल्याने हृदयाकडे परतणारे रक्त तुटते. १०८ ला फोन करावा. गाडी यायला उशीर असेल तर जीप, टेम्पो, ट्रॉली यांपैकी ज्यात झोपवता येईल त्यात झोपवून न्यावे. बरे वाटू लागले तरी लगेच घरी आणू नये. तीच प्रतिक्रिया काही तासांनी पुन्हा उलटू शकते, म्हणून गंभीर झटका आलेल्या रुग्णाला चोवीस तास रुग्णालयात ठेवणे योग्य.

मधमाशीचा काटा त्वचेत अडकलेला दिसला तर तो नखाने किंवा कशानेही, पण लगेच काढावा. पद्धतीपेक्षा वेळ महत्त्वाचा असतो, कारण विषाची पिशवी काट्याला चिकटलेली असते आणि ती विष सोडत राहते. आग्या मोहोळ उठले आणि एखाद्याला खूप डंख बसले, तर ॲलर्जी नसतानाही निव्वळ विषाच्या प्रमाणामुळे मूत्रपिंडांना इजा होते, त्यामुळे तशा रुग्णाला रुग्णालयात ठेवावेच लागते. विंचवाचेही तसेच आहे. विंचू चावल्यावर येणारा घाम, गार पडलेले हातपाय आणि धाप ही ॲलर्जी नसून विषाचा परिणाम असतो आणि त्यावर प्राझोसिन हे औषध चालते; मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी महाडमध्ये काम करताना ते प्रस्थापित केले.

सापाची लस आणि दोन टप्प्यांतली प्रतिक्रिया

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांवरची आपली लस घोड्याच्या रक्तातील प्रतिपिंडांपासून बनते. घोड्याचे प्रथिन माणसाला परके असल्याने ती देताना पहिल्या तासाभरात खाज, पित्त, थंडी, उलटी किंवा पूर्ण ॲनाफिलॅक्सिससारखा त्रास होऊ शकतो. अशा वेळी लस तात्पुरती थांबवून ॲड्रेनॅलिन देतात आणि रुग्ण सावरला की लस पुन्हा सुरू करतात. इथे नातेवाइकांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: प्रतिक्रिया आली म्हणून ‘आता लस नको’ असा आग्रह धरू नये, कारण विष उतरवणारे दुसरे औषध नाही. लस देण्यापूर्वी त्वचेत थोडी टोचून पाहण्याची जुनी चाचणी आता सांगितली जात नाही. तिच्यावरून प्रतिक्रियेचा अंदाज येत नाही आणि वेळ मात्र जातो.

दुसरा टप्पा घरी गेल्यावर येतो. साधारण एक ते दोन आठवड्यांनी ताप, सांधे दुखणे, अंगावर पित्त, काखेत किंवा जांघेत गाठी अशी लक्षणे दिसतात. याला सीरम सिकनेस म्हणतात आणि क्लेमेन्स फॉन पिर्के व बेला शिक यांनी १९०५ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. हा तिसरा प्रकार आहे. सापाचे विष पुन्हा चढले असे समजून रुग्णाला पुन्हा मांत्रिकाकडे नेले जाते, ते टाळावे. जिथे लस दिली त्या रुग्णालयात, छत्रपती संभाजीनगरचे घाटी असो, अंबाजोगाईचे असो वा नांदेडचे, डिस्चार्जचा कागद घेऊन जावे. हिस्टामिनरोधक गोळ्या आणि त्रास जास्त असल्यास थोड्या दिवसांसाठी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड एवढ्यावर तो बरा होतो.

तिसऱ्या प्रकाराची आणखी दोन रूपे आपल्या भागात पाहायला हवीत. लहान मुलाच्या पायावरचे पू झालेले फोड किंवा घशाचा संसर्ग बरा झाल्यावर काही आठवड्यांनी सकाळी चेहरा सुजलेला दिसला आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर मूत्रपिंडात अडकलेल्या पुंजक्यांमुळे तिथे सूज आलेली असू शकते. मीठ कमी करणे, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि रक्तदाबावर लक्ष यांनी बहुतेक मुले पूर्ण बरी होतात, पण रक्तदाब न मोजता थांबणे योग्य नाही. दुसरे रूप साखर कारखान्याभोवती किंवा जुन्या कडब्याच्या गंजीपाशी दिसते. बुरशी आलेले बगॅस (उसाचे पिळलेले चिपाड) किंवा ओलसर कडबा हलवल्यावर चार ते आठ तासांनी ताप, कोरडा खोकला आणि धाप लागते व दुसऱ्या दिवशी उतरते. याला फ्लू समजून माणूस पुन्हा त्याच कामावर जातो. तिसरा आणि चौथा असे दोन्ही प्रकार यात मिसळलेले असतात आणि खरा उपचार म्हणजे ती धूळ टाळणे. वर्षानुवर्षे दुर्लक्ष केले तर फुफ्फुसे कायमची घट्ट होतात.

सोयाबीनच्या सुगीत मळणीयंत्राच्या तोंडाशी किंवा मोंढ्यात पोती उतरवताना उडणारी धूळ मात्र पहिल्या प्रकारचा दमा उठवू शकते. बार्सिलोना बंदरात १९८० च्या दशकात जहाजातून सोयाबीन उतरवले जायचे त्या दिवशी शहरात दम्याच्या रुग्णांची एकाएकी रीघ लागत असे, आणि गोदामाला धूळ अडवणारी गाळणी बसवल्यावर ते झटके थांबले. ज्याला दमा आहे त्याने वाऱ्याच्या दिशेकडे पाठ करून आणि घट्ट बसणारा मुखपट्टा लावून काम करावे. साधा रुमाल त्या बारीक धुळीला पुरत नाही. दम्याचा मुख्य उपचार म्हणजे रोज घ्यायचा, स्टेरॉइड असलेला इन्हेलर. ‘पंपाची सवय लागते’ हा समज निराधार आहे.

गाजर गवत, बिब्बा आणि काळी मेंदी

चौथा प्रकार मराठवाड्यात जितका दिसतो तितका क्वचितच ओळखला जातो. गाजर गवत अमेरिका खंडातून आले, १९५० च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि आज बांध, पडीक रान, रस्त्याची कड यांपैकी एकही जागा त्याने सोडलेली नाही. त्यातल्या पार्थेनिन या द्रव्याने टी पेशी चेतवल्या जातात. पुरळ पाहावा तो अशा जागी: वरच्या पापण्यांवर, कानामागे, मानेच्या वळीत आणि कोपराच्या आतल्या घडीत. वाऱ्याने उडालेले कण जिथे घामासोबत साचतात तिथे तो जास्त उठतो. सुरुवातीला तो फक्त पावसाळ्यात येतो. काही वर्षांनी बारमाही होतो आणि मानेची कातडी जाड, काळवंडलेली, रेघारेघांची होते. असा शेतकरी पाहिला की त्याच्या खिशात मेडिकलमधून घेतलेली क्लोबेटासोल या तीव्र स्टेरॉइडची मिश्रित ट्यूब हमखास सापडते. ती चेहऱ्यावर महिनोन्महिने लावल्याने कातडी पातळ होते, लाली कायमची राहते आणि वर बुरशी वाढते.

उपचार असा असावा: शेतातून आल्यावर लगेच साबणाने अंघोळ, कपडे वेगळे धुणे, पूर्ण बाह्यांचा सदरा, चेहऱ्यावर हायड्रोकॉर्टिसोनसारखे सौम्य मलम, हातापायांवर त्याहून तीव्र, तेही डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस. हिस्टामिनचा इथे फारसा संबंध नसल्याने सिट्रिझिनने पुरळ जात नाही, फार तर रात्री झोप लागते. जुनाट आणि अंगभर पसरलेल्या त्रासात त्वचारोगतज्ज्ञ प्रतिकारशक्ती दाबणारे ॲझाथायोप्रिन देतात आणि ते चालू असताना ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते. गवत फुलावर येण्याआधी, ओल्या जमिनीतून, हातमोजे घालून उपटावे. ज्याला ॲलर्जी आहे त्याने हे काम दुसऱ्यावर सोपवावे.

बिब्बा उतणे हाही चौथाच प्रकार. तळपायात काटा मोडला, टाच फुटली की बिब्ब्याचे तेल लावतात; त्या जागी काळा डाग पडतो आणि एकदोन दिवसांत डागाभोवती पाण्याचे फोड येतात. तो रस त्वचा भाजतोही आणि ॲलर्जीही घडवतो. तान्ह्या बाळाच्या पोटावर बिब्ब्याचे ठिपके देणे पूर्ण बंद करावे. ज्याला बिब्बा उततो त्याला आंब्याच्या चिकाने आणि काजूच्या कवचातील तेलानेही त्रास होऊ शकतो, कारण ही तिन्ही झाडे एकाच कुळातली आहेत. लागलेला रस साबण-पाण्याने लगेच धुवावा, फोड फोडू नयेत, गार पाण्याच्या घड्या ठेवाव्यात. चेहरा किंवा जननेंद्रिय सुजले तर तोंडाने स्टेरॉइड घेण्याची गरज पडू शकते.

लग्नसराईत काळ्या मेंदीने आणि केसांच्या रंगाने डोळे मिटेपर्यंत चेहरा सुजतो, तेव्हा रंग दोन दिवसांपूर्वी लावलेला असतो आणि म्हणून दोष भलत्याच गोष्टीला दिला जातो. पॅरा-फेनिलीनडायअमीन हे त्यातले द्रव्य. टिकलीचा गोंद, खोट्या दागिन्यातले निकेल, गवंड्याच्या हाताला लागणारे सिमेंटमधले क्रोमियम ही याच पंगतीतली. कारण शोधण्यासाठी पाठीवर ४८ तास पट्ट्या लावून पॅच टेस्ट करतात. क्षयासाठी हातावर टोचलेली मँटू चाचणी ४८ ते ७२ तासांनी वाचायला बोलावतात, तेही टी पेशींना गोळा व्हायला तेवढा वेळ लागतो म्हणूनच.

याच प्रकारात औषधांच्या सर्वांत भयंकर प्रतिक्रिया मोडतात. फिट्सवरच्या कार्बामाझेपिन व फेनिटोइन, युरिक ॲसिडवरच्या ॲलोप्युरिनॉल आणि सल्फाच्या गोळ्या सुरू केल्यावर साधारण एक ते आठ आठवड्यांत ताप, तोंडात फोड, लाल डोळे, जळजळणारी आणि सोलवटणारी त्वचा किंवा चेहऱ्याची सूज दिसली, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. फिट्सचे औषध बंद करायचे असल्याने हा निर्णय घरी बसून नव्हे, डॉक्टरांसमोर पूर्ण करावा, म्हणजे त्याच वेळी पर्यायी औषध सुरू होते. अशा रुग्णाला ते औषध आयुष्यात पुन्हा देता येत नाही.

रक्त चढवताना आणि गरोदरपणात

दुसऱ्या प्रकाराबद्दल घरच्यांना करण्यासारख्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या चुकवू नयेत. रक्ताची पिशवी लावण्यापूर्वी रुग्णाचे नाव आणि रक्तगट पिशवीवरच्या चिठ्ठीशी जुळवून पाहायला परिचारिकेला सांगावे. पहिल्या पंधरा मिनिटांत थंडी, कंबरदुखी, छातीत दडपण किंवा लाल लघवी दिसली तर लगेच ओरडून सांगावे. रक्त थांबवून शिरेतून सलाइन चालू ठेवणे हा पहिला उपाय असतो.

आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल, तर आईच्या शरीरात बनलेले प्रतिपिंड पुढच्या बाळाच्या तांबड्या पेशी फोडतात. २८ व्या आठवड्याला आणि बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन दिल्याने हे टळते. गर्भपातानंतरही ते लागू शकते, हे सासरच्या मंडळींना बहुधा कोणी सांगत नाही, म्हणून डॉक्टरांना आपणहून विचारावे.

तपासण्या आणि नोंद

रक्तातून शेकडो पदार्थांची ॲलर्जी एकदम सांगणारी महागडी पॅकेजे घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आयजीई सापडणे म्हणजे त्या पदार्थाने त्रास होतोच असे नाही. त्या अहवालावरून मुलाची डाळ, दूध आणि अंडी बंद केली की कुपोषण तेवढे वाढते. तपासणी करायची ती घडलेल्या प्रसंगावरून ज्या पदार्थाचा संशय आहे त्याचीच. त्वचेवर टोचून केलेली चाचणी पंधरा-वीस मिनिटांत वाचता येते, मात्र तिच्या आधी हिस्टामिनरोधक गोळ्या सुमारे आठवडाभर बंद ठेवाव्या लागतात.

प्रतिक्रिया येऊन गेली की त्याच दिवशी एका कागदावर औषधाचे मूळ नाव, तारीख, ते का दिले होते, किती वेळाने काय दिसले आणि कोणत्या उपचाराने उतरले हे लिहून ठेवावे व पुरळाचा फोटो मोबाइलमध्ये जपावा. ‘याला इंजेक्शनची ॲलर्जी आहे’ एवढ्या माहितीवर डॉक्टरांना काहीच ठरवता येत नाही. गोळीचे रिकामे पाकीटही फेकू नये. ते या कागदालाच टाचून रेशनकार्ड आणि आधारकार्डाच्या पिशवीत ठेवावे, कारण रात्री दवाखान्यात धावताना घरातून हमखास तीच पिशवी बरोबर घेतली जाते.